तक्त्यातला सोळावा नंबर

मेइरखानचा तक्ता तालदीओय स्टेशनच्या भिंतीवर लागला तेव्हा त्याने त्याचे फोटो काढले. अकरा. पुढे कधीही स्वतःची लाज काढायची झाली की तो हा आकडा आठवायचा.

तक्त्याचं नाव होतं 'रुळांवर प्रदूषण झाल्यास कोणाला कळवावे'. वरून खाली सोळा नंबर. कंट्रोल, विभाग, अग्निशमन, पर्यावरणवाले, आरोग्यवाले, तालुका कचेरी, असं करत करत सोळाव्या नंबरावर 'शेजारी'. सगळ्यांसमोर फोन नंबर होते, शेजाऱ्यांसमोर रेघ. शेजाऱ्यांना कोण फोन करतं? हाक मारली की झालं, असा त्याने तेव्हा विचार केला होता. वर कडक प्लास्टिक. विभागाने त्याला प्रशस्तिपत्र दिलं आणि एक थर्मास दिला. चोवीस वर्षांचा स्टेशन-सहाय्यक. आईने थर्मास कपाटात ठेवला, काचेच्या मागे, पाहुण्यांना दिसेल असा.

मे महिन्यातल्या एका सकाळी बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या डिझेलच्या टाकीखाली त्याला थेंब दिसले. खालच्या तोटीतून ठिप, ठिप. तक्त्यात ठिपठिपीसाठी काही नव्हतं. म्हणून त्याने घरून आईची जस्ताची बादली आणून खाली लावली, दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने पाहिली आणि आत जाऊन थर्मासबद्दल कोणाला तरी मेसेज लिहीत बसला.

दुपारी तोटीच गेली. धड आवाजसुद्धा झाला नाही. तो बाहेर आला तेव्हा बादली उलटून लांब पडली होती आणि मनगटाएवढी धार खडीतून थेट पाटात उतरत होती.

पाट म्हणजे गावचं सगळं पाणी. स्टेशनपासून अडीच कोस वळत वळत जातो आणि गावच्या तळ्यात पडतो. त्या तळ्यावर साठ घरं, मेंढ्या, घोडे, चहा, सगळं. मेइरखानने मनात हिशेब केला, पाण्याला तळ्यापर्यंत पोचायला दोन तास. दोन तास म्हणजे भरपूर. तो आत गेला, फोन उचलला आणि तक्त्यासमोर उभा राहिला. पहिल्या नंबरापासून सुरुवात. तक्ता त्याचाच होता ना.

"किती लिटर?" कंट्रोलने विचारलं.

"अजून वाहतंय."

"मग संपल्यावर कर. अर्धवट आकडा मी लिहू कुठे?"

अग्निशमनवाल्यांनी विचारलं, आग आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज पडला. पर्यावरणच्या बाई काहीतरी चावत होत्या.

"ही तक्रार आहे की सूचना?"

"सूचना."

"सूचना शुक्रवारी."

"ताई, पाटात डिझेल चाललंय!"

"मग तक्रार कर. पण तुझ्यावरच होईल हं. बघ बाबा."

नवव्या नंबराला त्याने घड्याळ पाहिलं, पन्नास मिनिटं गेली होती. तेवढ्यात स्टेशनमास्तर झुमागाली आगा टोपी सावरत आत आले. रुळांवर जाऊन त्यांनी आणि लाइनमनने मिळून तोटीत लाकडाची खुंटी ठोकली होती. कोपरापर्यंत हात काळे.

"गावात कोणाला सांगितलंस?"

"आगा, शेजारी सोळावे आहेत. मी नवव्यावर आहे."

झुमागाली आगांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. इतका वेळ त्याच्याकडे फक्त त्याच्या आजोबांनी बघितलं होतं, तो घोड्यावर उलटा बसला होता तेव्हा.

"चल," ते म्हणाले. "कुलाशकडे."

कुलाश आपा पाटकरीण होती. नवरा गेल्यापासून पाटाचं दार, म्हणजे पाणी अडवायची लोखंडी फळी, तीच बघायची. दार तिच्या परसामागे, तळ्याच्या जरा अलीकडे. आणि दाराचं हँडल तिच्या घरात, कारण बाहेर ठेवलं की भंगारात जायचं. तिने हँडल दिलं, दार पाडलं, की तळं वाचलं. इतकं सोपं काम. फोनवर चार शब्दांचं. पण आपाचा मोबाइल रेंजसाठी अंगणातल्या पॉप्लरच्या झाडाला टांगलेला असायचा आणि ती घरात असायची.

जीपमध्ये आगांनी त्याला समजावलं. "हे बघ, बातमी वाईट आहे. दारात ओरडायचं नाही. आत जायचं, बसायचं, रोटीचा तुकडा मोडायचा, मग लांबून हळूहळू विषयावर यायचं. माणसाचं काळीज म्हणजे काचेचं भांडं. सुरुवात मी करतो. तू मान खाली घालून बस."

"आगा, वेळ..."

"दोन मिनिटांनी पाट आटत नाही."

मेइरखानला पटलं. पुढे त्याला याचंच जास्त वाईट वाटायचं, की पटलं.

तर आता असं बघा. रेल्वेच्या गणवेशातले दोन पुरुष, एक पिकल्या मिशांचा, भरदुपारी जीपमधून उतरतात. दारातच टोप्या काढतात. आणि घर कोणाचं, तर जिचा एकुलता एक पोरगा बेरदिबेक इंजिनावर सहाय्यक आहे, तिचं.

कुलाश आपा पीठ मळत होती. तिने दोघांना बघितलं. हात पिठातच थांबले.

"या," ती म्हणाली. आवाज कसातरीच.

ते बसले. आगांनी रोटी मोडली, तोंडात टाकली, सावकाश चावली. मेइरखानने ठरल्याप्रमाणे मान खाली घातली. ही कामगिरी तरी त्याला छान जमत होती.

"कुलाश," आगा म्हणाले, "हा लोखंडी रस्ता आपण घातला नाही. पण त्याच्याकाठी राहायचं आपल्या नशिबी आलं. रोज किती गाड्या जातात. सगळ्याच धड पोचतात असं कुठे आहे?"

आगांनी रोटीचा आणखी एक तुकडा मोडला.

"आपल्या हातात काय असतं? धीर धरायचा. गाव पाठीशी आहे."

इथे मेइरखानला वाटलं आपणही दोन शब्द बोलावेत. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

"आपा," तो म्हणाला, "मीच होतो ड्युटीवर. मला माफ करा."

आपाच्या तोंडून जो हंबरडा फुटला तसा मेइरखानने आयुष्यात ऐकला नव्हता. पिठाचे हात डोक्याला लावून ती मागे-पुढे डोलायला लागली आणि बेरदिबेकचे गुण गायला लागली, सुरात, शब्दाला शब्द जोडून. माझा उंच पॉप्लर, माझा दिवा, माझ्या लगामाचा घोडा. मेइरखानचं तोंड उघडं पडलं. त्याला काही कळेना. आगांना कळलं, पण त्यांच्या तोंडात रोटी होती.

शेजारची बाई धावत आली आणि न विचारता गळ्यात पडून रडायला लागली. तिच्या मागे तिच्या सुना. मग रस्त्यावरून पुरुषांचे आवाज आले. आमच्याकडे मयताच्या घरी पुरुष लांबूनच ओरडत पळत येतात, "भावा रे! माझ्या भावा!" तसे ते येत होते, छाती पिटत. लोकर कातरता कातरता आलेले, एकाच्या हातात अजून कातर. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरसकट. मेइरखानने घड्याळ पाहिलं. आठ मिनिटांत सगळं गाव अंगणात. पन्नास मिनिटांत त्याने आठ माणसं गाठली होती आणि त्यातली एक चावत होती.

तो उंबऱ्यावर चढला.

"कोणी गेलं नाही!" तो किंचाळला. "बेरदिबेक बरा आहे! डिझेल सांडलंय! पाटात! दार पाडायचंय!"

नुसता ट्रॅक्टर धडधडत होता.

कोणीतरी पॉप्लरवरून मोबाइल काढला आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. "काय झालं? मी जेवतोय," बेरदिबेकचा भरल्या तोंडाचा आवाज आला. "आई? आई, तू रडतेयस का?"

कुलाश आपा उठली. मेइरखानपाशी आली. तिने त्याच्या गालावर अशी एक ठेवून दिली की पिठाची पाच बोटं गालावर उमटली. मग त्याचंच डोकं छातीशी धरून ती आणखी रडली. मग त्याला ढकलून दिलं.

"गाढवा, दारातून ओरडायला काय झालं होतं? हँडल भट्टीमागे आहे. पळ!"

पळाले सगळेच. डिझेलचं चकचकीत कातडं दारापासून शंभर पावलांवर आलं होतं. हिरवं, जांभळं, मोराच्या मानेसारखं. आगा आणि ट्रॅक्टरवाला हँडलला लोंबकळले, दार करकरत खाली आलं. पण पाणी तर येतच होतं. ते चढायला लागलं. काठ फुटला तर दाराला वळसा घालून पुन्हा तळ्यातच जाणार.

"माझ्या कांद्यात सोड," आपा मागून म्हणाली.

"आपा, वर्षाचा कांदा..." मेइरखान म्हणाला.

"तुला विचारलं का? फोड तो बांध."

बांध फोडला. कोवळ्या कांद्याच्या रांगांत ते चकचकीत पाणी पसरत गेलं आणि आपा तिकडे पाठ करून उभी राहिली. मग कातरवाल्यांपैकी कोणाला तरी सुचलं, लोकर. यंदाच्या लोकरीला गिऱ्हाईकच नव्हतं, घराघरांत गठ्ठे पडून होते. पोती आली. मेंढ्यांची सगळी लोकर पाण्यात पडली आणि डिझेल पीत सुटली. मेइरखान मांड्यांपर्यंत पाटात उभा राहून भिजलेली लोकर उपसत होता. कडेला झुमागाली आगांना कोणीतरी म्हणालं, "मास्तर, पुढच्या वेळी रोटी नंतर खा."

संध्याकाळपर्यंत पाट धुतला गेला. नंतर विभागाचं पथक आलं, त्यांनी तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, कांद्याच्या वाफ्यातली माती उचलायचं कबूल केलं आणि फॉर्म भरून घेतला. 'रहिवाशांना कळवण्याची पद्धत' इथे आगांनी सांगितलं, तोंडी. लागलेला वेळ, आठ मिनिटं. पथकाचा साहेब चष्मा काढून म्हणाला, "आठ? आख्ख्या विभागात इतकं कमी कुठेच नाही. पद्धत सविस्तर लिहून पाठवा, बाकीच्या स्टेशनांना देऊ."

"लिही ना," आगा मेइरखानला म्हणाले. "सविस्तर लिही."

चौथ्या दिवशी कागद आला, तळ्याचं पाणी स्वच्छ. तोवर गाव टँकरचं पाणी पीत होतं. त्याच दिवशी कुलाश आपाने मेंढी कापली, पोरगा जिवंत असल्याबद्दल. बेरदिबेक रजा काढून आला होता आणि आपल्यावर रचलेली रडगाणी बायकांकडून पुन्हा पुन्हा ऐकून खूश होत होता. "दिवा म्हणाली? आणखी काय म्हणाली?"

मेइरखानने सर्वांपुढे कागद वाचून दाखवला. शिक्का दाखवला. कोणी पियाला पुढे केला नाही.

"कागद तक्त्यावर लाव," आपा म्हणाली आणि तळ्याच्या पाण्याचा चहा पियाल्यात ओतून त्याच्यापुढे धरला. "आधी तू."

साठ घरं बघत होती. त्याने पियाला तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला. डिझेलचा वास येत होता. अगदी स्पष्ट. कागद चुकला. बाटल्या चुकल्या. आता हे सांगायचं कसं? लांबून, हळूहळू? की दारातून ओरडून?

"वास येतोय!" तो ओरडला. "कोणी पिऊ नका! वास येतोय!"

आपाने पियाला काढून घेतला, हुंगला. मग त्याचा हात पकडून हुंगला. मग बाही.

"हा कोट त्या दिवसापासून धुतला नाहीस?"

"...एकच आहे, आपा."

तिने तो चहा स्वतः पिऊन टाकला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, आणि ओठ पुसले. "पाणी बरं आहे," तिने गावाला सांगितलं. मग सगळ्यांनी पियाले पुढे केले.

"पण ओरडलास ते बरोबर केलंस," ती त्याला म्हणाली. "आता कोट काढ आणि लांब टाक. नाक जळतंय."

तो नुसत्या शर्टात बसून मटण खात राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने प्लास्टिक उचकटलं आणि तक्ता पुन्हा लिहिला. पहिला नंबर कुलाश आपा. समोर फोन नंबर नाही. 'दारातून ओरडणे,' त्याने लिहिलं. या वेळी फोटो एकच काढला.