चौसष्ट खणांचं यंत्र

रंगनाथ लबडे शनिवारी दुपारी एका लाकडी फळीकडून बुद्धिबळात हरला, तेही प्यादेमात खाऊन. पण असं काही झालंच नाही, असं त्याचं ठाम म्हणणं आहे. माणसाच्या शब्दाला मान द्यावा, म्हणून आपणही झालं नाही असंच धरून चालू.

तर काही झालेलं नव्हतं आणि बुधवार होता.

रंगनाथ श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. त्या साली पाऊसच नव्हता, ऊस लवकर संपला, गाळप थांबलं. काटा शून्यावर उभा आहे ना, एवढंच बघायचं काम त्याला उरलं. संध्याकाळी मात्र तो कामात असे. मिशनच्या शाळेतले शलमोन पाथरे गुरुजी अकरा वर्षं रोज सहाला त्याच्या ओट्यावर येत आणि दिवेलागणीपर्यंत डाव चाले. बहुतेक वेळा रंगनाथ जिंके. नुसता जिंकत नसे, प्याद्यानं मात देई. वजीर-हत्तीनं मात कुणीही देतो; प्याद्यानं दिलेली मात चारचौघांत सांगण्यासारखी. रंगनाथ ती सांगे. चौघं नसले तर एकालाच चारदा सांगे.

बुधवारी बसता बसता गुरुजी म्हणाले, "रंगनाथराव, बदली झाली माझी. सोलापूर. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं निघायचं."

रंगनाथनं घोडा उचलला होता. तो त्यानं खिशात ठेवला.

"मग मी कुणाशी खेळू?"

"यंत्राशी खेळा. परदेशात यंत्रं खेळतात, तुम्हीच वाचून दाखवलंत की पेपरात."

गुरुजी गमतीनं म्हणाले. पण रंगनाथला गंमत कळायला साधारण आठवडा लागे, आणि सोमवार त्याच्या आत होता.

"यंत्राला कळतं कसं?"

"त्याला काही कळत नाही. कुणीतरी आधी लिहून ठेवतं, असं झालं तर असं खेळ. ते त्यात भरलं की ते खेळतं."

"म्हणजे लिहिलेलं महत्त्वाचं. यंत्र कसलंही चालेल?"

"तसंच म्हणायचं," गुरुजी म्हणाले, आणि चहा प्यायले.

गुरुवारी रंगनाथनं कारखान्याच्या अडगळीतून हजेरीची कार्डं अडकवायची जुनी फळी परवानगीनं घरी आणली. आठ ओळी, ओळीत आठ खण. पटावरच्या प्रत्येक घराला एक खण. रंगनाथचं मोहरं ज्या घरात जाईल त्या खणातल्या चिठ्ठ्या काढायच्या, वरून वाचत जायचं, पहिली लागू पडेल ती यंत्राची चाल. वीज लागत नव्हती. बायको लागत होती.

"मला रेशनची मिलो ज्वारी निवडायचीय," विजयमाला म्हणाली.

"निवडता निवडता वाच."

आता प्रश्न एवढाच, की यंत्रात कुणाचं डोकं भरायचं?

आधी रंगनाथनं स्वतःचंच भरलं; घोडा अजून खिशातच होता, त्याच्या जागी एक बटण ठेवलं. पण यंत्राच्या मनात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक, आणि त्याला ठाऊक आहे हे यंत्रालाही ठाऊक. दोघंही एकमेकांच्या चुकीची वाट बघत हत्ती पुढे-मागे करत राहिले. शेवटी विजयमालानं मिलोचं सूप पटावर ठेवलं आणि डाव संपला.

शुक्रवारी त्यानं गाडीवान भिमाजीला बोलावलं. भिमाजी तालमीतला, खेळायचाही तसाच.

"भाऊसाहेब, चौसष्ट खनांत येकच चिठ्ठी टाका. 'दिसंल त्याला हान.'"

"आणि मारायला काही दिसलं नाही तर?"

"आसं कसं व्हईल? न्हाईच दिसलं तर आपलंच हानायचं. हात बसता कामा न्हाई."

या पद्धतीनं यंत्रानं सातव्या चालीला स्वतःचा वजीर मारला. भिमाजीला डाव लई आवडला. रंगनाथला मात्र आपण जिंकलो की भांडण सोडवलं, हे कळेना.

शनिवारी मात्र गुरुजी स्वतः चिठ्ठ्या घेऊन आले. दोन रात्री बसून लिहिलेल्या, सुवाच्य अक्षरात, रुमालात बांधून. खणाखणांत भरल्या. रंगनाथ पटाशी बसला, विजयमाला फळीशी, गुरुजी खांबाला टेकून.

अन् मग ते झालं, जे झालं नाही. एकोणिसाव्या चालीला विजयमालानं चिठ्ठी वाचली, "प्यादं एक घर पुढे. मात. खाली लिहिलंय, क्षमस्व."

रंगनाथनं राजा सगळीकडे नेऊन पाहिला. जागा नव्हती.

"गुरुजी, हे तुम्ही लिहिलंत? मग अकरा वर्षं तुम्ही...?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "समोर बसलं की हरता येतं हो. पण लिहायला बसलो की चुकीचं उत्तर लिहवत नाही. मास्तर आहे मी."

"मला ठाऊक होतं," विजयमाला म्हणाली. "जिंकायची चाल गुरुजींना लगेच दिसायची. हरायची शोधायला वेळ लागायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जिंकलात की जेवणाला नावं ठेवत नव्हतात."

"प्याद्याकडून मरायला फार जपावं लागतं, रंगनाथराव," गुरुजी म्हणाले. "राजा बरोबर नेऊन ठेवायचा, तुमच्या प्याद्याची वाट मोकळी करायची आणि तुम्हाला दिसेपर्यंत थांबायचं. कधी दिसायचंच नाही. मग पुन्हा नवीन जुळवणी."

"पण का?"

"पहिल्या दिवशी मी जिंकलो, तर तुम्ही तीन दिवस दार उघडलं नाहीत. मी गावात नवा. मला दुसरा ओटा नव्हता."

रंगनाथला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. फळीत होते ते गुरुजी खरे, पण त्यांना त्याची गरज नव्हती. खांबाला टेकलेले अकरा वर्षं खोटं खेळले, पण रोज आले.

"मग हरणाऱ्या चिठ्ठ्या लिहून द्या," तो हळूच म्हणाला.

रविवारी प्रार्थनेनंतर गुरुजींनी प्रामाणिक प्रयत्न केला. चार कागद फाडले. "नाही जमत. तुमचा चेहरा बघितल्याशिवाय कुठं चुकायचं ते कळत नाही."

त्या दुपारी रंगनाथनं घोडा खिशातून काढून पटावर ठेवला आणि शाळेच्या व्यवस्थापनाला अर्ज लिहायला घेतला:

"मे. साहेबांचे सेवेशी, अर्जदार विनंती करतो की, श्री. शलमोन पाथरे यांचे सोबतच्या फळीत भरलेले डोके हे खुद्द श्री. पाथरे यांचेपेक्षा सरस असून ते रजा मागत नाही व खोटे खेळत नाही. शाळेस असेच शिक्षक हवे असणार. तरी सोलापूर येथील रिक्त पदावर सदर फळी (खण चौसष्ट, सर्व चिठ्ठ्यांसह) हजर करून घ्यावी, तिचा प्रवासखर्च मंजूर व्हावा, आणि श्री. पाथरे यांस, त्यांचेकडून वारंवार चुका होत असल्याने, आहे त्याच ठिकाणी कायम करण्यात यावे. उत्तर सोमवार सकाळच्या एस.टी.पूर्वी मिळावे, ही नम्र विनंती."