आनालिनचा प्रश्न

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या कॉलेजात कोंबड्यांच्या झुंजीवर वाद रंगला. एक गट म्हणे, शेकडो घरं त्यावर चालतात. दुसरा म्हणे, मुक्या जिवाला छळणं पापच. वर्गातल्या आनालिनचे वडील झुंजीचेच कोंबडे पाळत, म्हणून ती कोणत्याच गटात नव्हती.

शेवटी बाई म्हणाल्या, "फायद्याचं बोलून झालं, पापाचंही बोलून झालं. पण हे करत राहिलं की माणूस कसा घडतो?"

आनालिनने घरी जाऊन वडिलांना तेच विचारलं. ते कोंबड्याला हाताने मका भरवत होते.

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं!" ते हसले. मग हळूच म्हणाले, "झुंजीसाठी याच्या पायाला धारदार पातं बांधलं, की त्या दिवशी मला घास उतरत नाही, पोरी."

त्या रविवारी ते झुंजीला गेले नाहीत. दोघं मिळून खुराडं दुरुस्त करत बसले.