पाखऱ्याला बारा व्होल्ट

दुपारी मंचरच्या बाजारपेठेतला ट्रान्सफॉर्मर असा काही उडाला की संस्कृतीच्या पप्पांच्या फ्लेक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर एकदाच ‘फट्’ म्हणाला आणि गपगार झाला. आख्ख्या गल्लीची लाइट गेली. आणि नेमके तेव्हाच अवसरी बुद्रुकचे सोमाजीआबा दारात उभे! पाठीला दुरुस्त करून आणलेला फवारणीचा पंप.

“दादाभाऊ, पाखऱ्याचा फ्लेक्स झाला का? उद्या दहावा हाय त्याचा.”

पाखऱ्या म्हणजे आबांचा शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, सुटला की नुसता वारा! गेल्या आठवड्यात गेला. त्याचा दहावा अगदी माणसासारखाच होणार होता, प्रवचन, जेवण, सगळं. मांडवाच्या तोंडाशी त्याचा फ्लेक्स लागणार होता. आबांचा मोबाइल विहिरीत पडलेला, त्यामुळे पाखऱ्याचे फोटो आता जगात एकाच ठिकाणी उरले होते. मागच्या फ्लेक्ससाठी दिलेले, त्या गपगार झालेल्या कॉम्प्युटरमध्ये.

पप्पांनी कॉम्प्युटर गेल्याचं सांगितलं, तसे आबा स्टुलावर बसले. पंपाचा पट्टा नुसता चोळत राहिले.

“पप्पा, कॉम्प्युटर गेलाय, हार्ड डिस्क थोडीच गेलीय!” संस्कृती उडी मारून उठली. अकरावी सायन्सला गेल्यापासून तिला सगळंच जमेल असं वाटायचं. “डिस्क काढते आणि माझ्या लॅपटॉपला लावते. फोटो नारायणगावच्या प्रेसला पाठवला की झालं!”

तिने स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, केबलचं एक तोंड डिस्कला आणि दुसरं लॅपटॉपला लावलं. काहीच नाही. डिस्कला कान लावला. आत सामसूम.

“अरे देवा! ही मोठ्या कॉम्प्युटरची डिस्क. लॅपटॉपच्या एवढ्याशा करंटवर हिचं भागत नाही. हिला वेगळे बारा व्होल्ट लागतात. केबलचा अडॅप्टर आहे, पण लाइटच नाही!”

“म्हंजी उपाशी हाय व्हय?” आबा म्हणाले. “मग कशी पळंल बिचारी?”

संस्कृतीची नजर पंपावर गेली. “आबा, तुमच्या पंपाची बॅटरी किती व्होल्टची?”

“मला काय ठावं? लिवलंय बघ तिच्यावर.”

बारा! संस्कृती नाचायचीच बाकी होती. अडॅप्टरची वायर कापून तिची पिन बॅटरीला जोडायची, बस्स!

“थांब!” पप्पा ओरडले. “वायर उलटी लागली तर डिस्क जळंल, मग फोटो कायमचे गेले. आबा, ऐका माझं. इंटरनेटवरचा चांगला खिलारी बैल लावू. फ्लेक्सवर कोण ओळखतंय?”

“दादाभाऊ,” आबा सावकाश म्हणाले, “तुमच्या लग्नाच्या अल्बमात माझा फोटो चिकटवला तर चालंल का? कोण ओळखतंय!”

पप्पा डिस्कसमोरून बाजूला झाले.

“लाव बाय तू,” आबा संस्कृतीला म्हणाले.

संस्कृतीने अडॅप्टरची वायर कापली, पिन हातात घेतली आणि एकदम थबकली. जळाली तर? आबांना काय सांगायचं? तिने पिन हातातून खाली ठेवली. पप्पांचा व्होल्ट मोजायचा मीटर मागून घेतला. अडॅप्टरवरची प्लस-मायनसची खूण वाचली, वायरी बॅटरीला जोडून पिनेवरच मीटर धरला. बरोबर. तरी पुन्हा धरला. पप्पांनीही वाकून बघितलं आणि मान हलवली. मगच तिने डोळे बारीक करून पिन डिस्कच्या केबलमध्ये सरकवली.

घूंऽऽऽ

“उठली!” आबाच आधी ओरडले.

स्क्रीनवर फोल्डर आलं. “आधी कॉपी, मग बघू,” संस्कृतीने बजावलं. मग फोटो उघडला. पिंपरी पेंढारच्या घाटातला. गुलालात न्हालेला पाखऱ्या, त्याच्या गळ्यात पडलेले आबा, आणि पाखऱ्या चक्क त्यांचा कान चाटतोय!

“आयला, ह्यात तुमचे डोळे मिटलेत,” पप्पा म्हणाले. “मागच्या फ्लेक्सला नुसता बैलच कापून घेतला होता मी. आताही तसंच करतो.”

“कापू नगा. ऱ्हाऊ द्या असाच,” आबा म्हणाले. “त्याचे उघडे हायेत की.”

संस्कृतीने तोच फोटो प्रेसला पाठवला. आबा स्क्रीनकडेच बघत होते. त्यांचा हात हळूच वर गेला आणि कानावर थांबला.