पंप दोन, पॅनल एक

सहाही मशिनं एकदम कोकलू लागली तेव्हा काळुराम गच्चीच्या जिन्यात होता. नौपाड्यातल्या त्या डायलिसिस सेंटरात नऊ वर्षं वीज-पाण्याचं सगळं तोच बघत होता. काय झालं असेल ते त्याला वर पोचायच्या आतच कळलं. शुद्ध पाण्याचे दोन्ही पंप गप्प होते. पंपांना काहीच झालं नव्हतं. दोन्हींना वीज देणारं एकुलतं एक पॅनल जळलं होतं.

तीन वर्षं तो हेच सांगत आला होता. "साहेब, पंप दोन हायत, पन पॅनल येकच. ते गेलं का दोनी गेले."

सेंटरचे मालक डॉक्टर अद्वय दर वेळी हसत. "अरे, एक बंद पडला तर दुसरा असावा, म्हणूनच दोन घेतलेत ना?" आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दोन पंप कौतुकाने दाखवत.

पाणी थांबलं की रक्त नुसतं फिरतं, साफ होत नाही. खाली नीरजा सिस्टर एकेका पेशंटचं रक्त परत अंगात सोडून नळ्या काढू लागल्या. काळुरामने डॉक्टरांच्या केबिनमधल्या एसीची लाईन सोडवली, खिडकीतून वर केबल ओढली आणि एक पंप तिच्यावर चालू केला. यात सव्वा तास गेला. तोवर बारा वाजताचे पेशंट बाकांवर येऊन बसले होते.

शुभदाताई साठे सकाळच्या पाळीतल्या. चारातले दोनच तास झाले होते, आणि आज शुक्रवार; पुढची वेळ थेट सोमवारी.

"ही माणसं ताटकळलीत," त्या सिस्टरांना म्हणाल्या, "त्यांना थांबवून मी कशी बसू?" आणि खुर्चीवरून उठल्या.

डॉक्टरांनी काळुरामला बोलावून घेतलं. "तिसरा पंप मागवलाय. आता तरी झालं समाधान? नवीन पॅनल बसव आणि तिन्ही त्याच्यावर घे. एसीची लाईन संध्याकाळी परत जोड."

"तिसरा बी त्याच पॅनलवर?"

"मग कुठे?"

तीन वर्षं बोललेलं सगळं पाण्यात गेलं होतं. काळुरामच्या डोक्यात सणक गेली, पण आवाज चढला नाही. "मी नाय जोडनार, साहेब. तिनी पंप येका लायनीवर मी नाय टाकनार."

"ठीक आहे," डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले. "सोमवारपासून दुसरा माणूस येईल."

हत्यारांची पिशवी घेऊन तो खाली उतरला. शुभदाताई पायरीवर रिक्षाची वाट बघत होत्या. पाय सुजले होते, चपलेचा पट्टा बसत नव्हता.

"काय हो काळुराम, तुमच्याकडे दोन पंप असतात ना? मग बंद कसं पडलं?"

तो खाली बसला. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल करून त्याने त्यांच्या पायात चप्पल नीट चढवली.

"ताई, सोमवारी आल्या आल्या विचारा. पंपांना लायनी दोन हायत का, येवढंच विचारा."

"विचारते," शुभदाताई म्हणाल्या. "तुम्ही भेटालच की वर."

काळुरामने हात करून रिक्षा थांबवली.