रुपेरी रंगाखाली

धुलाईखान्यातल्या तिसऱ्या मशीनला हात लावला आणि कपडे पिळणारी बाई जागच्या जागी गेली, त्याला आज पाच दिवस झाले होते. मशीनच्या अंगात वीज उतरली होती. अशी वीज अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी होती. ती बाईतून गेली.

थोरला वायरमन शिडी लावत होता आणि खाली त्याचा धाकटा भाऊ मान खाली घालून उभा होता. धाकटा इथला कायमचा वायरमन. वर्षाच्या वर्षी अर्थिंग तपासल्याची सही त्याचीच, म्हणून सगळं त्याच्यावर शेकलं होतं. नोकरी तर गेल्यातच जमा होती, आता तुरुंगाची भाषा सुरू झाली होती.

"अर्थिंगचा जोड मी उघडतो," थोरल्याने आपणहून सांगितलं होतं.

तपासणीचे साहेब म्हणाले होते, "कुणीही उघडा. मी समोर उभा आहे."

वायरी आणि मशिनांची अर्थिंग नेणारे हे पाइप बारा वर्षांपूर्वी थोरल्यानेच बसवले होते. ठेकेदार केव्हाच गाशा गुंडाळून गेला, कागद कुठे गेले देव जाणे. पण आपल्या जोडात खोट निघणार नाही, दोष मशीनचाच असणार, हे थोरला छातीठोकपणे धरून चालला होता. भावाला सोडवायलाच तो आला होता.

वर छताजवळ वाफ कोंडलेली, पाइपांना घाम फुटलेला. वायरींच्या डब्याशेजारचा, अर्थिंगची तार पाइपाला आवळून धरणारा क्लॅम्प रुपेरी रंगात छान चकाकत होता. त्याने पान्याने धक्का दिला. क्लॅम्प गरकन फिरला. रंगाची खपली पडली, मागोमाग पांढरी भुकटी त्याच्या बाहीवर सांडली. आत पाइप कुरतडल्यासारखा झाला होता.

क्लॅम्प तांब्याचा होता, नुसत्या तांब्याचा. पाइप अॅल्युमिनियमचा.

तांबं अॅल्युमिनियमला उघडं टेकवायचं नाही. ओल लागली की अॅल्युमिनियम झिजतं. क्लॅम्प कल्हई केलेला घ्यायचा, वर ग्रीस चोपडायचं. हे त्याने किती जणांना शिव्या देऊन शिकवलं होतं! आणि त्या दुपारी कल्हईचे क्लॅम्प संपले, एकच जोड राहिला. सकाळी मशिनं सुरू व्हायची होती. पिशवीत तांब्याचा होता, तो आवळला. पांढऱ्या पाइपावर लाल डोळ्यात खुपेल म्हणून वरून रंग मारला. नंतर येऊन बदलू म्हणाला, आणि साफ विसरला.

त्याने डब्याचं झाकण काढलं. आतल्या अंगाला स्क्रूड्रायव्हरने ओढलेल्या तीन रेघा. काम संपलं की तो ओढायचाच. "दादा, वर नाव लिहायला लाजतोस काय?" असं म्हणून धाकटा हसायचा.

"कुणाचं काम हे?" साहेबांनी विचारलं.

"माझंच," धाकटा पटकन म्हणाला. "मागे मीच बदलला होता तो क्लॅम्प."

थोरल्याला क्षणभर फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच त्याला शिसारी आली. तो खाली उतरला आणि झाकण साहेबांच्या हातात दिलं.

"खोटं बोलतोय तो. या रेघा माझ्या आहेत. गावभर माझ्या कामात सापडतील. त्याला सोडा."

साहेबांनी भुकटी बोटावर घेऊन पाहिली आणि धाकट्याकडे वळले. "बारा वर्षांत हा जोड एकदाही उघडला नाहीस?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"नाही साहेब. बाकी सगळे उघडले. इथे झाकण काढलं, दादाच्या रेघा दिसल्या की परत लावून टाकायचो. दादाच्या कामात काय बघायचं?"

साहेबांनी अहवालात लिहिलेलं धाकट्याचं नाव खोडलं नाही. त्याखाली थोरल्याचं लिहिलं.