पाण्याला भ्यालेला भुऱ्या

शेलूबाजारला वांगी विकून गोजराबाई परतायची तेव्हा तिच्या टोपल्या रिकाम्या असायच्या. त्या दिवशी एक टोपली भरलेली होती. गाडीत बसल्या बसल्या तिनं ती दोन्ही गुडघ्यांत धरली होती, वरून जुनेर टाकलं होतं, आणि जुनेराखाली काहीतरी सारखं थरथरत होतं.

पुढं बैल हाकणारा तिचा नवरा जानराव. बोलायला मुळातच आळशी माणूस. अर्धी वाट सरल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, "टोपल्यात काय हाय?"

"कुत्रं."

"काहून?"

"पोट्टे दगडं मारून राह्यले होते त्याले. शेपटीले डबा बांधला होता. मी डबा सोडला तं ते जागचं हललंच नाई. मंग काय सोडून येऊ?"

जानरावानं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "चावते काय?"

"चावाले तोंड तं उघडा लागते ना. त्याचं तोंडच उघडत नाई भेवानं."

गोजराबाईला कीर्तनाचं भारी वेड. मारुतीच्या देवळात बुवा उभे राहिले की ही खांबाला पाठ लावून बसलेली, आणि अभंगाचं चरण संपेपर्यंत डोळ्याची पापणी हलायची नाही. देव दारी येताना आपलं रूप घेऊन येत नाही, हे बुवांच्या तोंडून तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते शेजाऱ्याच्या खबरीइतकं खरं वाटायचं. म्हणून कुत्रं आणलं ते नुसतं अंगणात सोडून द्यायला तिचं मन घेईना.

तिच्या घरची रीत अशी, की नवा बैल दाराशी आला की घरच्या बाईनं त्याच्या पायावर तांब्याभर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, ओवाळायचं, आणि मगच त्याला गोठ्यात घ्यायचं. ज्याचे पाय धुतले तो घरचा झाला. कुत्र्याचेही तसेच पाय धुवावे, असं तिच्या मनानं घेतलं. शेजारची सोजरबाई तबक घेऊन आली, आणखी दोघी-चौघी मजा बघायला आल्या. गोजराबाईनं त्याचं नावही ठेवून टाकलं, भुऱ्या. रंगच तसा होता, पावसात भिजलेल्या कडब्यासारखा.

पण ज्यानं जन्मभर माणसांचे वर उचललेले हातच पाहिलेत, त्याला तांब्या काय आणि दगड काय! गोजराबाईचा हात वर गेला, पाण्याची धार पायावर पडली, आणि भुऱ्या असा केकाटला की सोजरबाईच्या हातचं तबक उडालं. कुंकू तिच्या लुगड्यावर, दिवा मातीत. भुऱ्याच्या तोंडातून लाळ गळत होती. तो भिंतीला अंग घासत पळाला तो थेट मळ्यात, कडब्याच्या गंजीखाली जाऊन शिरला.

सोजरबाई लुगडं झटकत म्हणाली, "बाई, हे पाण्याले भेलं."

"हाताले भेलं ते."

"लाळबी गाळून राह्यलं. मी सांगतो तुले, हे पिसायलेलं हाय."

आता हा शब्द गावात साधा राहिला नव्हता. मालेगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात त्याच हिवाळ्यात पिसाळलेलं कुत्रं चावून एक धडधाकट गडी गेला होता. शेवटी शेवटी त्याला पाण्याचा तांब्या दिसला तरी झटके येत होते, असं लोक सांगत. तेव्हापासून आया लेकरांना सांजेला घराबाहेर सोडत नव्हत्या. सोजरबाई काही वाईट बाई नव्हती. तिच्या सुनेचं मूल नुकतं रांगायला लागलं होतं.

दिवस मावळायच्या आत गावचे पाटील उदयसिंग मळ्यात आले. मिशा जाड, आवाज त्याहून जाड. गंजीपासून लांबच उभे राहिले.

"गोजराबाई, तुमचं कुत्रं पाण्याले भेते म्हनतात."

"पाटील, ते मानसाले भेते."

"असन. पन मले कसं समजाव? पिसायलेलं कुत्रं पानी पेत नाई, हे लेकराले बी ठाऊक हाय. उद्या न्याहारीच्या वक्ती येतो. माह्या डोयानं पानी पेतानी दिसलं, तं तुमचं कुत्रं तुमाले. नाई पेलं तं मले गाव पाहा लागते."

"म्हंजे?"

पाटलांनी खांद्यावरच्या बंदुकीकडं नुसतं पाहिलं. तेही काही आनंदानं बोलत नव्हते. जाताना वळून म्हणाले, "मले बी पाप नको, बाई."

गोजराबाईनं गंजीशी पाण्याचं परळ ठेवलं. शेजारी भाकर कुस्करून ठेवली, त्यावर दूध. समोर बसून हाका मारल्या, विनवण्या केल्या. गंजीच्या अंधारात दोन डोळे चमकत होते, बस. सकाळी पाहिलं तर परळ निम्मं झालेलं. ती धावतच सोजरबाईकडं गेली.

"पेलं वं पानी त्यानं. परळ पाह्य."

सोजरबाई चुलीपुढून उठलीही नाही. "कावळ्यानं पेलं असन."

"कावळा एवढं पेते?"

"तुह्या मळ्यातले कावळे वांगे खाऊन खाऊन तहानतात ना माय."

हसावं का रडावं, गोजराबाईला कळेना. ती परत येऊन गंजीपुढं बसली, दोन्ही हातांत परळ धरून. ऊन चढू लागलं. "पे रे बाप्पा. एक घोट पे. तुले काय सांगू, तो मानूस बंदूक घेऊन येऊन राह्यला." भुऱ्या आणखी मागं सरकला.

जानराव विहिरीवर मोटेचा नाडा तपासत होता. तिथूनच म्हणाला, "तू त्याच्या तोंडाकडं अशी पाहून राह्यली, की मी बी पेलो नसतो."

तो सहज बोलून गेला, पण गोजराबाईच्या हातचं परळ खाली आलं. तिला देऊळ दिसलं. कीर्तन लागायच्या आधी माणसं दाराबाहेर घुटमळत असतात. कुणाचे पाय मातीचे, कुणाला आपलं धोतर फाटकं वाटतं, कुणी नुसताच बुजरा. बुवा कुणालाही 'या, बसा' म्हणत नाहीत. खाली पाहून वीणा लावतात, आपल्याआपल्यात नाम धरतात, जसं काही देवळात दुसरं कुणी नाहीच. आणि घटकाभरानं पाहावं, तो दाराबाहेरचा माणूस आत येऊन मांडी घालून बसलेला असतो. आपण कधी आत आलो, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

ती उठली, पदर खोचला. "अवो, मोट जुपा. आन् तिकडं ढुंकून पाहू नका."

मोट सुरू झाली. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, मोट वर आली, विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी भदकन ओतलं, बैल मागं सरत पुन्हा वर. मोटेच्या चाकाचा कुरकुर आवाज एका लयीत लागला. पाणी पाटानं वाहत निघालं आणि गंजीला वळसा घालून वांग्यांच्या वाफ्यांत शिरलं. गोजराबाई गंजीकडं पाठ करून दारं धरू लागली: एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं खोलायचं. तोंडानं विठ्ठलाचं नाम, अगदी हलकं, चाकाच्या लयीत.

तेवढ्यात पाटील आले. गोजराबाईनं बोट ओठांवर ठेवलं आणि त्यांच्यापुढं निवडलेल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ढीग सरकवला.

"बंदूक मळ्यातल्या खोपडीत ठेवा. आन् इथं बसून जुड्या बांधा."

"पाटलानं सांबाराच्या जुड्या बांधाच्या?"

"देवळात पंगतीले पत्रावळी लावता का नाई?"

"ते देवाचं काम हाय."

"हे बी त्याचंच हाय. मान खाली घाला. डोये मोठे करून पाह्यलं तं ते जन्मात बाहीर निंघनार नाई, आन् मंग तुमी म्हनसान पिसायलं."

पाटलांनी इकडं तिकडं पाहिलं, गावातलं कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि मांडी घातली. केळीच्या सोपटानं जुडी बांधायची त्यांना सवय नव्हती. एक बांधली की दुसरी सुटायची. नाकापाशी कोथिंबिरीचा वास, पाठीवर हिवाळ्यातलं ऊन, कानाशी चाक. हळूहळू त्यांची बोटं कामात गुंतली आणि आपण कशाला आलो होतो ते त्यांच्या ध्यानातून निघूनही गेलं असावं.

गोजराबाईला मात्र मागं वळून पाहायची इतकी ओढ लागली होती की तिनं खुरप्याची मूठ आवळून धरली. नाम घेता घेता मध्येच शब्द चुकत होता. नाही आला तर? आत्ता हा माणूस कंटाळून उठला तर? एक वाफा भरला. दुसरा भरला. तिसऱ्याचं तोंड तिनं खोललं, आणि मागं कडबा खसखसला.

ती हलली नाही. जानराव बैल हाकतच राहिला. त्याची नजर बैलांच्या शिंगांवरून ढळली नाही. पाटलांची बोटं जुडीवर थांबली.

मग आवाज आला. लपलप, लपलप. कालपासून जीव मुठीत धरलेलं जनावर पितं तसा अधाशी, न थांबणारा.

पाटलांनी फेट्याखालून डोळे तिरपे केले. भुऱ्या पाटाच्या काठाशी पुढचे पाय टेकून, मान खाली घालून पाणी पीत होता. तोंड ओलं, कान मागं पडलेले. थारोळ्यातून नवी लाट आली आणि त्याच्या पायांवरून गेली. तो दचकला, एक पाय उचलला, आणि तोच पाय पाण्यात ठेवून पुन्हा पिऊ लागला.

पाटील उठले नाहीत. कुत्र्याचं पिणं होईस्तोवर त्यांनी हातातली जुडी तशीच धरून ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात, जसं काही देवळात बसलेत, म्हणाले, "पानी तं मानसावानी पेते हो."

"मंग?"

"मंग काय. सोजरबाईले मीच सांगतो जाऊन. कावळा नव्हता म्हनतो." त्यांच्या मिशा हलल्या. "कुत्र्याले गळ्यात पट्टा घाला बरं, कोनी ओळखाले चुकाले नको."

"हात लावू देईन तवा घालीन. आज नाई."

"घाला सवडीनं."

बंदूक खांद्याला लावून ते गेले, गंजीला लांबून वळसा घालून, चोरासारखे पाय न वाजवता.

गोजराबाई वाफ्याच्या चिखलातच खाली बसली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिनं मातीच्या हातानं पुसलं, तसा गालावर चिखल लागला. तिकडं वाफा भरून वाहू लागला तरी तिला उठवेना.

जानरावानं मोट थांबवली. तिच्या तोंडाकडं पाहिलं. न्याहारीचं फडकं सोडून एक भाकर तिच्या हातात दिली, एक आपण घेतली, आणि आपल्या भाकरीचा तुकडा मोडून न बघता मागं टाकला.

भुऱ्यानं तो तुकडा खाल्ला. मग ओल्या मातीत, उन्हात, दोघांपासून हाताच्या अंतरावर नव्हे, चांगला दहा पावलं लांब, तो गोल फिरून खाली पडला. आधी एक डोळा उघडा ठेवून. मग दोन्ही मिटले, पोट वर झालं, पाय सैल पडले.

"मोट जुपू का?" जानरावानं कुजबुजत विचारलं. "अर्धे वाफे कोरडे हायेत."

"जुपा की. तुमच्या चाकाले थोडंच भेते ते."

चाक पुन्हा कुरकुरलं. भुऱ्याचा एक कान उभा राहिला, जरा वेळ तसाच राहिला, आणि आडवा झाला.