पंखाखालचा गेरूचा पंजा

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. दोन माणसांपुरतं. हाडं लाकडाची आणि कातडी सुती कापडाची, म्हणून कापसाच्या मुलखात मला कधी परकं वाटलं नाही. महायुद्ध संपल्यावर मी लिलावात निघालं आणि कापसातली सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या यवतमाळच्या बबनरावांच्या माळावर येऊन राहिलं. मला उडवायचा धरमसिंग, घाटंजीकडच्या तांड्यावरचा.

त्याची आई तुळसाबाई माझी धावपट्टी झाडायची, गुरं हाकलायची. जिनाच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती, तरी यंत्रावर तिचा राग नव्हता. मला तर ती बैलच समजायची. साठ सालच्या पोळ्याला तिनं माझे खांदे हळद-लोण्यानं मळले आणि गेरूचं वाडगं आणलं.

"सनाच्या दिवशी यालेच उघडं ठेवता काय रे?"

असं म्हणत तिनं माझ्या दोन्ही कुशींवर, पंखांखाली, पंजेच पंजे उमटवले. माझी ओळख सांगणारी मोठी काळी अक्षरं नेमकी तिथंच होती. तिला वाचता येत नव्हतं. सणाला अंगावर काळं नको, म्हणून तिनं त्यांच्यावर मुद्दाम दोनदा हात फिरवला.

धरमसिंग फडकं घेऊन आला. आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं खिशात घातलं. वाटेतला पाऊस धुऊन काढेल, असं त्याला वाटलं. पण तिनं पावसाचाच विचार करून गेरू जवसाच्या तेलात कालवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, आसामच्या चहामळ्यातून बबनरावांच्या भावाला आणायला. कलकत्त्यापुढची वाट पूर्व पाकिस्तानच्या आभाळातून होती. तसा परवाना होता आणि त्यात माझी अक्षरं होती. आभाळात कुंपण दिसत नाही, मित्रांनो. खाली तेच पाणी, तीच भातं. मग डाव्या-उजव्या बाजूंनी दोन मोठी लष्करी विमानं आली. त्यांनी अक्षरं शोधली, त्यांना लाल पंजे दिसले. पंख हलवून त्यांनी आम्हाला खाली उतरवलं.

माझी चाकं साखळदंडानं बांधली. धरमसिंगला समोरच्या खोलीत ठेवलं. ओळख लपवून हेरगिरीला आला, असा संशय. त्यानं परोपरीनं सांगितलं, आमच्याकडे बैल सजवतात, तसं आईनं हे सजवलंय. तिथला साहेब हसला आणि म्हणाला, मग याची शिंगं कुठं आहेत?

पंजे पुसायलाही मनाई झाली, कारण तोच पुरावा. पाऊस पडत राहिला. गवत माझ्या चाकांच्या वर गेलं, कापड भिजून सैल पडलं. वारा सुटला की पंख आपोआप थरथरायचे आणि साखळी वाजायची. रोज सकाळी धरमसिंग गजांशी उभा राहून मला बघायचा, मी त्याला. दाढी वाढली, डोळे आत गेले. मग एक दिवस तो खिडकीशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मला माझं उडणं नकोसं झालं, नुसता तो दिसावा एवढंच वाटू लागलं.

इकडे विचारणा होत होत यवतमाळला पोचली होती. तुळसाबाईची जबानी लिहून घेतली. अंगठा मागितला, तर तिनं सगळा पंजाच कागदावर ठेवला. तो कागद घेऊन साहेब एका दुपारी माझ्यापाशी आला. कागद त्यानं माझ्या कुशीला लावला. इथंही करंगळी नव्हती, तिथंही नव्हती. त्या मोकळ्या जागेवरून त्यानं आपलं बोट फिरवलं. साखळी सोडायला सांगून गेला.

माझं कापड उन्हानं पुन्हा ताणलं आणि तापातून उठलेल्या, वाळलेल्या धरमसिंगला घेऊन मी दिवाळीच्या आदल्या दिवशी माळावर उतरलं. बबनरावांचा भाऊ रेल्वेनं कधीच पोचला होता.

पुढच्या पोळ्याला तुळसाबाई वाडगं घेऊन लांबच उभी राहिली.

"माह्याच हातानं तू अडकला होता. मी नाई लावत."

"याडी," धरमसिंग आईला म्हणाला, "सुटलो बी याच हातानं ना?" त्यानं तिचा हात गेरूत बुडवला आणि अक्षरं सोडून, माझ्या शेपटाजवळ टेकवला.

आता माझं उडणं संपलं. जिनामागच्या छपरीत उभं आहे, या वेळी साखळीशिवाय अडकलेलं. तुम्ही मुलं खेळायला येता, बरं वाटतं. पंखांवर चढा, पंखा फिरवा. फक्त शेपटाजवळच्या कापडात बोटं घालू नका, मित्रांनो. तुळसाबाईला जाऊन दोन वर्षं झाली. धरमसिंग अधूनमधून येतो आणि त्या पंजावर आपला हात ठेवून उभा राहतो.